ज्युरी की एकटे न्यायाधीश? अमेरिकेत फौजदारी खटल्याला उभं राहण्याआधी

ज्युरी म्हटलं की मराठी माणसाला हटकून नानावटी खटला आठवतो. १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी 'निर्दोष' म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. अमेरिकेतल्या निर्णयासाठी हा नमुना डोक्यातून काढून टाका. तिथे ज्युरीने निर्दोष म्हटलं की विषय संपला. न्यायाधीश तो निकाल फिरवू शकत नाहीत आणि सरकार अपील करू शकत नाही. उलट 'दोषी' असा निकाल मात्र पुरावा अपुरा असेल तर न्यायाधीश बाजूला ठेवू शकतात. म्हणजे दुरुस्तीची वाट एकाच दिशेने उघडी आहे, आणि ती आरोपीच्या बाजूची आहे.

आधी बघा, निवड तुमच्या हातात आहे का

बहुतेकांचा घोळ इथेच होतो. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ६ महिने कैद आहे, त्याला सर्वसाधारणपणे 'किरकोळ' धरतात आणि राज्यघटनेने दिलेला ज्युरीचा हक्क तिथे लागू होत नाही. असे तीन-चार आरोप एकत्र लावले आणि एकूण कैद वर्षावर गेली, तरीही नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९६ साली स्पष्ट केलं आहे.

न्यू जर्सीत याचा अर्थ काय, ते पाहा. दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप तिथे म्युनिसिपल कोर्टात एकट्या न्यायाधीशापुढे चालतो, ज्युरी मागता येत नाही. साधी मारहाण आणि २०० डॉलरपेक्षा कमी किमतीची दुकानातली चोरी यांनाही ज्युरी नाही. त्याच दुकानातली वस्तू २०० डॉलर किंवा त्याहून महाग निघाली, की प्रकरण वरच्या कोर्टात जातं आणि ज्युरीचा हक्क येतो. एका पावतीवर एवढं अवलंबून असतं, म्हणून किंमत कशी मोजली ते आधी तपासून घ्या.

काही राज्यं याहून उदार आहेत. कॅलिफोर्नियात किरकोळ गुन्ह्यालाही ज्युरी मिळते. न्यूयॉर्क राज्यातल्या सर्वांत वरच्या न्यायालयाने २०१८ साली ठरवलं, की शिक्षा ६ महिन्यांहून कमी असली तरी त्या गुन्ह्यामुळे परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढलं जाऊ शकत असेल, तर त्याला ज्युरी मागता येईल. एच-वन किंवा ग्रीन कार्डवर असणाऱ्याने वकिलाला हा प्रश्न स्वतःहून विचारावा. गुन्हा कबूल केल्यास देशाबाहेर काढलं जाण्याचा धोका आहे का, हे सांगणं २०१० पासून वकिलाचं घटनात्मक कर्तव्य आहे. कबुली देऊन नंतर प्रकरण 'रद्द' झालं तरी इमिग्रेशनच्या कायद्यात ती शिक्षाच धरली जाऊ शकते.

ज्युरी सोडायची तर कोणाची परवानगी लागते

फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टात तीन गोष्टी लागतात: तुमची लेखी संमती, सरकारी वकिलाची संमती आणि न्यायाधीशांची मान्यता. सरकार 'नाही' म्हणालं तर तुम्हाला ज्युरीपुढेच जावं लागतं. 'मला न्यायाधीशच हवेत' असा हक्क नाही, हे १९६५ पासून ठरलेलं आहे. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्येही सरकारी वकिलाची संमती लागते. न्यूयॉर्क आणि इलिनॉयमध्ये लागत नाही.

न्यायाधीश खुल्या कोर्टात तुम्हाला थेट विचारतात: ज्युरीत बारा जण असतात, त्यांच्या निवडीत तुमचा वाटा असतो, त्यांचं एकमत लागतं, हे सगळं समजून सोडताय ना? इंग्रजीची थोडी जरी अडचण असेल तरी दुभाषा मागा. इथे मान डोलावली, खटला सुरू झाला, आणि मग 'मला नीट कळलं नव्हतं' म्हणून काही उपयोग होत नाही.

बारा जण

ज्युरीची खरी ताकद एकमतात आहे. २०२० पासून कोणत्याही राज्यात गंभीर गुन्ह्यात बहुमतावर दोषी ठरवता येत नाही. मात्र एक जण अडून बसला म्हणजे सुटका झाली, असं नव्हे. ज्युरीचं एकमत झालं नाही तर खटला रद्द होतो आणि सरकार पुन्हा नवी ज्युरी बसवू शकतं. वकिलाची फी पुन्हा, सुट्ट्या पुन्हा. एक मात्र आहे, दुसऱ्या फेरीपूर्वी सरकारी वकील तडजोडीला बऱ्याचदा मऊ होतो.

निवडीत फेडरल गंभीर गुन्ह्यात बचाव पक्षाला कारण न देता १० जण आणि सरकारला ६ जण नाकारता येतात. कारण दाखवून कितीही. वंशावरून नाकारणं बेकायदा आहे. आणि ज्युरीत फक्त अमेरिकी नागरिकच बसतात, तेव्हा 'आपली माणसं' असतील या भरवशावर राहू नका. तुमचा उच्चार, खाली घातलेली नजर, प्रश्नाला उत्तर देण्याआधीचा लांबलचक विराम यांचा अर्थ अनोळखी लोक लावणार आहेत. साक्ष द्यायची असेल तर वकिलाबरोबर उलटतपासणीचा सराव करा.

ज्युरी निवडली म्हणून न्यायाधीश नुसते पंचासारखे बसून राहत नाहीत. सरकारचा पुरावा संपल्यावर तो अपुराच आहे असा अर्ज बचाव पक्ष करतो, आणि न्यायाधीश तिथेच निर्दोष सोडू शकतात.

एकटे न्यायाधीश

खटला लवकर आटपतो आणि म्हणून स्वस्त पडतो. दुसरा फायदा मोठा आहे: बचाव कायद्याच्या मुद्द्यावर असेल, हिशेब किंवा सर्व्हरच्या नोंदी गुंतागुंतीच्या असतील, किंवा छायाचित्रं इतकी भयंकर असतील की पाहणाऱ्याचं मनच घट्ट व्हावं, तर अनुभवी न्यायाधीश बरे. कायदेशीर मुद्दा फक्त वरच्या कोर्टासाठी जपायचा असेल तर दोन्ही पक्ष घटनाक्रम मान्य करून न्यायाधीशापुढे छोटा खटला चालवतात. कबुली दिली तर तो मुद्दा सहसा हातचा जातो, इथे राहतो.

तोटा कमी लोकांना दिसतो. पोलिसांनी चुकीच्या पद्धतीने घेतलेला जबाब वगळायला लावलात, तर ज्युरीला तो कधीच कळत नाही. पण तो वगळणाऱ्या न्यायाधीशांनी तो वाचलेला असतो. त्यांनी तो मनातून पुसला असं कायदा गृहीत धरतो, आणि त्यामुळे अपिलात 'त्याचा परिणाम झाला' हे दाखवणं फार कठीण होतं. म्हणून असा अर्ज झाला असेल तर खटला दुसऱ्या न्यायाधीशांपुढे नेता येतो का, ते बघा.

निकालाच्या कारणांचंही तसंच. ज्युरी फक्त 'दोषी' किंवा 'निर्दोष' म्हणते, कारणं देत नाही. न्यायाधीशांकडून तथ्यांबाबतचे निष्कर्ष मिळवता येतात, पण फेडरल नियमानुसार मागणी निकाल लागण्याआधी करावी लागते. निकालानंतर आठवलं तर संधी गेली.

शिक्षा बहुतेक ठिकाणी दोन्ही मार्गांत न्यायाधीशच ठरवतात. टेक्सासमध्ये ज्युरी निवडीआधी लेखी कळवल्यास शिक्षाही ज्युरीकडून ठरवून घेता येते.

आमचं मत

कोण खरं बोलतंय, एकट्या पोलिसाचा शब्द की तुमचा, असा सामना असेल तर ज्युरी. मुद्दा कायद्याचा किंवा आकड्यांचा असेल, आणि समोरचे न्यायाधीश नेमके कोण हे ठरलेलं असेल, तरच बेंच ट्रायल, म्हणजे एकट्या न्यायाधीशापुढचा खटला. नाव कळल्याशिवाय ज्युरी सोडू नका. ते न्यायाधीश अशा प्रकरणांत पूर्वी कसे वागले हे स्थानिक वकिलाला ठाऊक असतं, बाहेरगावच्या वकिलाला नसतं. शंका असेल तर ज्युरी राहू द्या: ती बऱ्याच ठिकाणी खटल्याच्या सकाळपर्यंत सोडता येते, सोडलेली परत मिळेलच असं नाही.