रामबागेतला बाळंतिणीचा डबा : चव चोख, पण आंबट हवंच

इंदूरच्या रामबागेतून येणाऱ्या या घरगुती डब्यात भाकरी मऊ, तूप बेतशीर आणि हळिवाची खीर रोज ताजी. अडचण आहे ती पालेभाजीत. ती चिरून मग धुतात, हिरवीगार दिसावी म्हणून चिमूटभर सोडा घालतात आणि सकाळी दहाला शिजवलेली भाजी दुपारी एकला परत गरम करतात. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, आचेनं आणि सोड्यानं नासतं. वाटीत येईपर्यंत ते फारसं उरत नाही.

बाब किरकोळ नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंती धरून ठेवणारं कोलॅजन या जीवनसत्त्वाशिवाय नीट बनत नाही. त्याची फार टंचाई झाली की केशवाहिन्या ठिसूळ होतात, हिरड्यांतून आणि हाडांच्या आवरणाखाली रक्त उतरतं. अंगावर पिणाऱ्या तान्ह्याला ते आईच्या दुधातूनच मिळतं. म्हणून स्तनदा आईला रोज ११५ मिलीग्रॅम हवं, आणि इथे ‘आंबट बाधतं’ म्हणून लिंबाची फोडसुद्धा देत नाहीत! मध्यम पेरूचा अर्धा भाग पुरतो. लिंबू उकळत्या वरणात नको, ताटात पिळावं.

मेथी खाल्ली की बाळाला रक्तस्रावाची भीती नाही, असं डब्यासोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय. ते साफ चूक. रक्त गोठायला लागणारं के जीवनसत्त्व आईच्या दुधात मुळातच कमी; पूर्ण दिवसांच्या बाळाला जन्मल्यावर १ मिलीग्रॅमचं इंजेक्शन लागतंच. अंगावर विनाकारण निळे डाग दिसले, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ गाठा.