पथ्य पाळून पोट फुगलं, आणि वर म्हणे ‘डाय-ऑफ’!

एससीडी, गॅप्स (दोन्हींत स्टार्च-साखर वर्ज्य) किंवा लो फॉडमॅप (आतड्यात आंबून गॅस करणारी कर्बोदकं कमी), पोटासाठीच्या या पथ्यांतलं काहीही पाळत असाल तर प्रोबायोटिकची, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या कॅप्सूलची, बाटली आधी उलटी करून वाचा. आमच्या गळ्यात मारलेल्या बाटलीवर पुढे ठळक अक्षरांत होतं: ‘५० अब्ज सीएफयू, १२ स्ट्रेन्स, साखरविरहित, गट-हीलिंग डाएटसाठी खास’. (सीएफयू म्हणजे जिवंत जिवाणूंची मोजणी, स्ट्रेन म्हणजे जिवाणूचा ठरावीक वाण, ‘गट’ म्हणजे इंग्रजीतलं आतडं.) मागे, बारकोडच्या खाली, भिंगाशिवाय दिसणार नाही अशा टायपात ‘इतर घटक’: इन्युलिन (वनस्पतींतला एक तंतू), माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्च तोडून केलेली पूड), बटाट्याचा स्टार्च.

आता हिशोब बघा. एका कॅप्सूलमध्ये २०० मिलिग्रॅम इन्युलिन, मात्रा एकदम ४ कॅप्सूल. झाले ८०० मिलिग्रॅम. इन्युलिन हे फ्रक्टन, कांदा-लसणात असतं त्याच जातीचं कर्बोदक. लो फॉडमॅपमध्ये फ्रक्टनची मर्यादा पदार्थानुसार एका वेळेला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम धरतात. म्हणजे कांदा-लसूण सोडायचा आणि तेच फ्रक्टन कॅप्सूलमधून गिळायचं! एससीडीवाल्यांना तर मर्यादेचा प्रश्नच नाही. स्टार्च, माल्टोडेक्स्ट्रिन, इन्युलिन, एफओएस (छोट्या साखळीचं फ्रक्टन) सगळंच वर्ज्य, आणि बिफिडोबॅक्टेरियम हे जिवाणूसुद्धा त्या पथ्यात चालवून घेत नाहीत. या बाराच्या यादीत ते तीन होते. ‘साखरविरहित’ हे अक्षरशः खरं आहे, कारण यातलं काहीच लेबलच्या भाषेत साखर नाही. लबाडी तिथेच आहे.

ते ५० अब्जही ४ कॅप्सूलचे मिळून. एकीत साडेबारा. ६० कॅप्सूलची बाटली १५ दिवसांत खलास. आणि आकडा ‘उत्पादनाच्या वेळी’चा. जिवाणू उष्णतेने, दमटपणाने मरत जातात, म्हणून आकडा मुदत संपेपर्यंतचा दिलेला असेल तरच त्याला अर्थ. बारा स्ट्रेन्सना मिळून एकच बेरीज दिली असेल तर अकरा चिमूटभर आणि एक स्वस्तातला भरपूर, असंही असू शकतं; लेबल काही सांगत नाही. नुसतं ‘ऱ्हॅम्नोसस’ हे जातीचं नाव लिहिलंय आणि जाहिरातीत अभ्यास त्यातल्या ‘जीजी’ या एका स्ट्रेनचा दाखवलाय? बाटली खाली ठेवा. स्ट्रेनचा कोड नसेल तर तो अभ्यास त्या बाटलीचा नाही.

सगळ्यात चीड येते ती ‘डाय-ऑफ’ची. पोट फुगलं, गुडगुडायला लागलं, तशी विक्रेत्याची ‘गट कोच’ म्हणाली, “छान, वाईट जिवाणू मरतायत, डोस दुप्पट करा.” खरं तर तिथेच कान टवकारायला हवे होते. ही ‘डाय-ऑफ’ची कल्पना ज्यावरून उचललीय ती हर्क्सहाइमर प्रतिक्रिया सिफिलिससारख्या संसर्गावर औषध दिल्यावर काही तासांत येते आणि साधारण दिवसभरात ओसरते. इथे दर डोसनंतर फुगतंय, डोस चुकला की शांत, वाढवला की जास्त. हे मरणं नव्हे, जिवाणूंना जेवण घालणं आहे. इन्युलिन मोठ्या आतड्यात आंबतं आणि गॅस होतो, इतकं साधं. पण महिनोन्महिने पथ्यावर काढलेल्या माणसाला ‘त्रास म्हणजेच गुण’ असं कोणी सांगितलं की ते पटतं. त्यात वेडेपणा काही नाही. नेमकी तीच नस दाबायला ही माणसं शिकलेली असतात.

घरी तपासायचं तर बशीत कॅप्सूलची पूड ओता, दोन थेंब पाणी आणि एक थेंब टिंक्चर आयोडीन टाका. पिवळसर-तपकिरी थेंब पुडीला टेकताच निळा-काळा झाला तर स्टार्च आहे. नाही झाला म्हणून हुरळू नका. इन्युलिनला आयोडीनने रंग येत नाही, माल्टोडेक्स्ट्रिनही बऱ्याचदा निसटतं. दुधात टाकून विरजण लागतं का बघायची युक्ती तर अर्धवटच: लागलं तर काहीतरी जिवंत आहे एवढंच कळतं, कोण ते नाही. सॅक्रोमायसिस बोलार्डी हे यीस्ट आहे, दुधातली साखर त्याला पचत नाही, म्हणून चांगला मालही त्यात नापास होईल. (अँटिबायोटिकने ते मरत नाही, बुरशीवरच्या गोळ्यांनी मात्र मरतं.) प्रतिकारशक्ती कमी असेल किंवा मोठ्या शिरेत नळी असेल तर डॉक्टरांना न विचारता यातलं काहीही नको.

तक्रारीचं विचाराल तर हसावं की रडावं. औषध खातं म्हणतं, हे औषध नाही, अन्नाकडे जा. अन्न खातं म्हणतं, घटक तर छापलेत, मग फसवणूक कसली? ‘गट-हीलिंग डाएटसाठी खास’ या दाव्याचं काय, तर त्या शब्दांची कायद्यात व्याख्याच नाही. जिवाणू खरंच तेवढे आहेत का तपासा म्हटलं, तर सीलबंद नमुना आणा. सीलबंद म्हणजे त्याच चोराकडून दुसरी बाटली विकत घ्या! प्रयोगशाळेचा खर्च तक्रारदाराने करायचा, आणि अहवाल आला की कंपनी म्हणणार, तुम्ही उन्हात ठेवली असेल. ‘पैसे परत’ची हमी न उघडलेल्या बाटलीला. न उघडता कोणाला कळणार हो? ग्राहक तक्रारीच्या फॉर्मवर तर ‘आरोग्य पूरक’ असा रकानाच दिसला नाही. ‘इतर’मध्ये टाका म्हणाले.

एलिमिनेशनच्या (संशयित पदार्थ बंद करून बघण्याच्या) टप्प्यात नवीन प्रोबायोटिक सुरूच करू नका, पथ्याचा दोष की गोळीचा हे कळणार नाही. स्थिरावल्यावर एकच स्ट्रेन, कॅप्सूल उघडून पाव भाग, दुसरं काहीही न बदलता आठवडाभर. गरम पेयात ढवळायची नाही. घटकांत सेल्युलोज आणि कॅप्सूलचं आवरण यापलीकडे काही असेल तर प्रत्येक नाव पथ्याच्या यादीशी ताडून बघा. ‘डेअरी-फ्री’ असलं तरी जिवाणू कशावर वाढवले ते कंपनीला लेखी विचारा. उत्तर टाळलं की समजून जा. आणि दर खरेदीला मागचं लेबल पुन्हा वाचा, त्याच नावाखाली फिलर (भर घालायचे घटक) बदलतात. बॅच नंबरसकट फोटो काढून ठेवा, रिकामी बाटलीही टाकू नका. तक्रार घेताना पहिल्यांदा तीच मागतात.