सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका: सीट घेण्याआधी लॉकर बघा

पुण्यात सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत अभ्यासिका शोधताना स्पर्धा परीक्षेची मुलं एसी आहे का, वायफाय आहे का आणि महिन्याची फी किती, एवढंच विचारतात. पहिला प्रश्न लॉकरचा हवा. मोबाईलचा लॉकर टेबलाखालीच असेल तर तो पुस्तकं ठेवण्यापुरता कामाचा. तो दाराबाहेर, जिन्यापाशी असेल तर फोनसाठी उठायचं, चपला घालायच्या, किल्ली काढायची, आणि एवढ्यात बरेचदा माणूस पुन्हा बसतो. अशी सोय असलेली अभ्यासिका थोडी महाग असली तरी घ्यावी. वायफाय नसलं तर उत्तमच.

फोनची सवय कधी उसळते ते नीट बघा. राज्यघटनेची पाठ झालेली कलमं वाचताना फोन आठवत नाही. सीसॅटचा, म्हणजे पूर्व परीक्षेतल्या आकलन आणि गणिताच्या पेपरचा, उतारा तिसऱ्यांदा वाचूनही डोक्यात शिरत नाही किंवा अर्थशास्त्रातलं चालू खातं आणि भांडवली खातं यांचा गोंधळ होतो, तेव्हा हात आपोआप खिशाकडे जातो. अवघड वाटलं की फोन, फोन हातात आला की सुटका. अशी सुटका रोज मिळाली की मेंदू तीच वाट पक्की करतो. मग अभ्यासिकेत दहा तास भरतात, पण सोपे विषयच पुन्हा पुन्हा वाचले जातात आणि सीसॅटची 33 टक्क्यांची पात्रतासुद्धा जड जाते. बसण्याचे तास मोजून हे कळत नाही, कोणता विषय कितव्या मिनिटाला सोडला हे लिहिलं तरच कळतं.

यावर उपाय साधा आहे. टेबलावर एक कोरा कागद ठेवायचा. ‘अडलं तर प्रश्नाचा क्रमांक इथे लिहीन आणि पुढचा प्रश्न घेईन’ हे वाक्य बसण्याआधीच त्यावर लिहायचं. ‘असं झालं तर असं करीन’ या प्रकारचा ठराव नुसत्या निश्चयापेक्षा जास्त पाळला जातो, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 1999 मध्ये मांडलं होतं. नोट्स टेलिग्रामवर आहेत ही सबब खरी असते, म्हणून ती जास्त घातक. लागणारी पानं आदल्या संध्याकाळी झेरॉक्सवाल्याकडून काढून आणा.

दुसरी गळती चहाची. दाराजवळची सीट स्वस्त मिळाली तरी नको, दार उघडलं की ‘चल, चहाला’ ठरलेलं. उतरणं, चहा, कटऑफच्या गप्पा, परत येऊन पान शोधणं, असे 40 मिनिटं सहज जातात. दिवसातून तीनदा म्हणजे दोन तास, महिन्याच्या 25 दिवसांचे 50 तास. पूर्व परीक्षेचा एक पेपर दोन तासांचा, म्हणजे सरावाचे 25 पेपर टपरीवर गेले. चहा सोडायची गरज नाही. घड्याळ लावून दोन तास सलग बसा आणि मगच उतरा, परीक्षेतही मध्ये उठता येत नाही. सोबती मात्र तेच वेळापत्रक पाळणारा हवा.

आधी आठवडाभराची ट्रायल मागा, पटलं तर तीन महिन्यांचं बोला. एका महिन्यात घडी बसेलच असं नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लोकांना 18 ते 254 दिवस लागले, मधला आकडा 66. त्यात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नव्हतं, त्यामुळे एक दिवस बुडाला म्हणून आठवडा सोडून देऊ नका.

गणपतीच्या दहा दिवसांत रस्त्याकडच्या खोलीत संध्याकाळी ढोल-ताशापुढे काही चालत नाही. आतल्या बाजूची सीट मिळेल का, हे जूनमध्येच विचारून ठेवा आणि डिपॉझिट परत मिळण्याची अट पावतीवर लिहून घ्या.