एच. पायलोरीवर तीन औषधं की चार?

रिपोर्टमध्ये एच. पायलोरी, म्हणजे जठरात घर करणारा जिवाणू, पॉझिटिव्ह आला की डॉक्टर बहुधा दोनपैकी एक कोर्स लिहितात. एक तीन औषधांचा : आम्ल कमी करणारी गोळी, क्लॅरिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन. दुसरा चारचा : आम्लाची गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन आणि मेट्रोनिडाझोल. दोन्ही शक्यतो पूर्ण १४ दिवस.

ठरवण्याआधी घरातली औषधांची पिशवी उलटी करून पाहा. आपल्याकडे खोकला झाला की चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन आणायची सवय आहे. अझिथ्रो आणि क्लॅरिथ्रो एकाच घराण्यातल्या. एकीला न जुमानणारा जिवाणू सहसा दुसरीलाही जुमानत नाही. क्लॅरिथ्रोमायसिनला न बधणाऱ्या एच. पायलोरीला जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली चिंतेच्या जिवाणूंच्या यादीत घातलं, ते उगाच नाही. तेव्हा पिशवीत अझिथ्रोची रिकामी स्ट्रिप निघाली, तर तीनचा कोर्स वाया जायची धास्ती मोठी.

मेट्रोनिडाझोल तरी कुठे अनोळखी आहे? हगवण लागली की तीच गोळी. जिवाणू तिलाही सरावलेत. पण डोस भरपूर, सोबत बिस्मथ आणि दिवस पूर्ण असले की हा अडसर बराच निघतो. टेट्रासायक्लिनला तर एच. पायलोरी अजून फारसा सरावलेला नाही. त्यामुळे माझं मत चारच्या बाजूनं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आणखीच, कारण अमॉक्सिसिलिन त्याच वर्गातलं.

त्रास मात्र चारचाच जास्त. दिवसातून चार वेळा गोळ्या, तोंडात कडवट चव, मळमळ. कापूस वेचायला सकाळीच वावरात जाणाऱ्या बाईनं दुपारचा डोस पदराला बांधून न्यावा, पण दुधाच्या चहासोबत घेऊ नये. दुधानं टेट्रासायक्लिन अंगी लागत नाही. रात्रीचा डोस भरपूर पाण्यासोबत घ्या, लगेच आडवं होऊ नका. मोहाची असो की देशी, दारू पूर्ण बंद. बिस्मथनं शौचाला काळं होतं, घाबरू नका; मात्र औषध सुरू होण्याआधीच डांबरासारखी काळी शी, रक्ताची उलटी किंवा वजन घटणं असेल तर आधी दुर्बिणीची तपासणी. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालच्या मुलांना टेट्रासायक्लिन नको.

टेट्रासायक्लिन तालुक्याच्या दुकानात सापडेलच असं नाही. दुकानदार डॉक्सीसायक्लिन पुढे करेल. इथं ती तेवढी चालत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

जळजळ थांबली म्हणजे जिवाणू गेला असं नाही. कोर्स संपून किमान चार आठवड्यांनी शौचाची अँटीजेन किंवा श्वासाची तपासणी करा, त्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी बंद ठेवून. रक्ताची अँटिबॉडी चाचणी इथं कामाची नाही, जिवाणू गेल्यावरही ती बरेच दिवस पॉझिटिव्ह राहते. पुन्हा पॉझिटिव्ह आला, तर जुनी चिठ्ठी सोबत न्या. आधी घेतलेलं क्लॅरिथ्रोमायसिन दुसऱ्या खेपेला टाळतात.