डीलर स्टिकरची रिप्रो (हुबेहूब नवी कॉपी) काढून देतो म्हणणाऱ्याने ओरिजिनलच लंपास केलं, सांगली-कऱ्हाडकडच्या लोकांनी सावध राहा

ज्यांच्याकडे जुन्या गाड्यांचे डीलर स्टिकर, डिकीवरच्या पत्र्याच्या पट्ट्या, शोरूमचे इनॅमल बोर्ड (पत्र्यावर काचेसारखा रंग भाजलेले), किचेन असलं काही आहे त्यांनी हे वाचाच, आणि ओळखीत कुणी असेल तर त्यालाही पाठवा. कॉपी काढायला म्हणून ओरिजिनल वस्तू कुणाच्याही हातात देऊ नका, तो कितीही गोड बोलला तरी.

माझे काका सांगलीत एका फियाटच्या डीलरकडे फिटर होते. डीलरचं नाव इथं लिहीत नाही, दुकान कधीच बंद झालंय. काकांच्या ट्रंकेत त्या डीलरचे दोन स्टिकर होते, न चिकटवलेले. आत्तासारखे विनाइलचे नाहीत, पाण्यात भिजवून मागच्या काचेवर सरकवायचं ते ट्रान्सफर. एक अर्धं फाटलेलं, दुसरं अख्खं. तीन रंग, लाल, काळा आणि क्रीम, डीलरचं नाव, तीन आकडी फोन नंबर आणि खाली इंग्रजीत बारीक अक्षरात ‘सांगली, डिस्ट्रिक्ट साउथ सातारा’. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, १९४९ मध्ये दक्षिण सातारा असा जिल्हा झाला होता आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली केलं, म्हणजे हा कागद त्या अकरा वर्षांतलाच, डुक्कर फियाटच्या (जुन्या गोलसर फियाटला लोक असं म्हणायचे) जमान्यातला. ज्या वालचंदांच्या नावाचं कॉलेज सांगलीत विश्रामबागेत आहे त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात ह्या फियाट तयार व्हायच्या आणि आपल्याकडचे डीलर गाडी देताना मागच्या काचेवर आपलं ट्रान्सफर मारायचे. गाड्या भंगारात गेल्या तशी काच पण गेली. राहिलेला कागद २००५ च्या आणि २०१९ च्या पुरात गेला, गणपती पेठेत, मारुती रोडला ज्यांची जुनी गोडाउनं होती त्यांना विचारा काय काय चिखलात गेलं ते. म्हणून मला त्या एका कागदाची किंमत पैशात सांगता येत नाही.

तर हा माणूस. शंभर फुटी रोडच्या एका गॅरेजवाल्याच्या ओळखीनं आला. चाळिशीचा, बोलायला एकदम नम्र, दादा दादा करून बोलायचा आणि विषयातलं ज्ञान खरोखर होतं त्याच्याकडे, हे मला मान्य करावंच लागेल. म्हणाला, दादा तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हे टिकलंय, रिस्टोरेशनवाल्यांना ह्या स्टिकरची लई गरज आहे, आपण स्क्रीन प्रिंटिंगनं (जाळीतनं रंग दाबून छापतात तसं) रिप्रो काढू, मागं ‘रिप्रो’ असं छापू, थोडे तुम्हाला थोडे मला. हे मला पटलं, अजूनही पटतं. कुणी गाडी मेहनतीनं उभी केली आणि काचेवर त्या काळचा स्टिकर हवा असेल तर रिप्रो लावण्यात काही वाईट नाही, फक्त ती रिप्रो म्हणून विकली पाहिजे.

मी स्कॅन करून देतो म्हणालो तर म्हणाला स्कॅनमध्ये लाल रंग बदलतो, शेड जुळवायला कागद समोरच पाहिजे. स्क्रीनचा खर्च म्हणून आठ हजार अ‍ॅडव्हान्स घेतला आणि अख्खं ट्रान्सफर घेऊन गेला. बऱ्याच दिवसांनी परत आणून दिलं ते जाड प्लास्टिकच्या पाकिटात चारी बाजूनी टेप मारून, वर सांगितलं की दादा हे उघडू नका, हवा लागली की वार्निशला तडे जातील. रिप्रो पुढच्या महिन्यात येतील म्हणाला. त्या आल्याच नाहीत.

पुढं कऱ्हाडच्या एका मित्रानं फोटो पाठवला, बघ मला पण साउथ सातारावालं ओरिजिनल मिळालं, नऊ हजाराला. फोटो मोठा करून बघितला तर फियाटच्या एफवरनं तिरका जाणारा ओरखडा, शेवटाला जरा वाकडा झालेला. तो ओरखडा काकांच्या ट्रंकेच्या कडीनं पडलेला आहे, दुसऱ्या कुठल्या कागदावर तस्साच पडणं शक्यच नाही. पोटात गोळा आला. लगेच माझं पाकीट फोडलं.

ओरखड्यावरनं नख फिरवलं तर नखाला काहीच लागत नाही, गुळगुळीत. ओरखडा छापलेला होता! फाटलेलं दुसरं ट्रान्सफर शेजारी ठेवून भिंगातनं बघितलं. खऱ्यात लाल म्हणजे सलग लाल, एकेक रंग वेगळ्या स्क्रीननं मारलेला असतो त्यामुळे रंगाची कड बोटाला किंचित उंच लागते. त्यानं दिलेल्यात मात्र लाल रंग म्हणजे गुलाबी-पिवळ्या बारीक ठिपक्यांची गर्दी, सरळ कॉम्प्युटरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेलं. क्रीम रंगाचा जुनेपणा पण ठिपक्यांचाच. मग एका दुकानात नोटा तपासायचा लाइट असतो त्याच्याखाली दोन्ही धरले, फाटलेल्याची पाठ मंद तपकिरी राहिली आणि त्यानं दिलेल्याची पाठ निळसर पांढरी चमकली, आत्ताच्या कागदात चमक यायला केमिकल घालतात त्याच्यामुळं. म्हणजे माझं ओरिजिनल त्याच्याकडे, मला कॉपी, कऱ्हाडच्या मित्राला पण कॉपी आणि अजून किती जणांना दिलीय देव जाणे. माझ्या काकांच्या कागदाची खूण वापरून तो लोकांना गंडवतोय ह्याचाच जास्त राग येतो मला, आठ हजाराचं काय, ते गेले.

नंतर चौकशी केली तर त्यानं विकलेल्या अजून वस्तू कळाल्या. मिरजेत एकाला इनॅमल बोर्ड दिलाय, पंचावन्न सालचा म्हणून, आणि त्यावर पत्त्यात ४१६४१६ छापलंय. अहो पिनकोडच १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. शिवाय त्या बोर्डावरचा मराठी ल आणि श हिंदी वळणाचा आहे, कॉम्प्युटरच्या फॉन्टमधला, आपल्याकडचा त्या वेळचा पेंटर असला ल कधी काढत नव्हता. खऱ्या इनॅमलला भोकाच्या कडेला काचेसारखे टवके उडालेले असतात आणि गंज खालनं वर येतो, ह्याच्यात गंज वरनं ब्रशनं मारलाय, ओल्या फडक्यानं पुसला की निघतो. आणखी एकाला साठच्या दशकातली म्हणून ‘पद्मिनी’ लिहिलेली डिकीची पट्टी दिलीय. पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकात आलं, साठच्या दशकात तीच फियाट डिलाइट नावानं यायची.

कुणाकडनं घेणार असाल तर पैसे पाठवायच्या आधी मागच्या बाजूचा फोटो मागा, आणि एक फोटो बॅटरीचा उजेड आडवा मारून काढायला सांगा, त्यात छापलेला ओरखडा लगेच उघडा पडतो. आणि तीच वस्तू अजून कुणाकडे असेल तर दोन्ही फोटो शेजारी ठेवा, डाग आणि चुण्या एकाच जागी दिसल्या तर विषय संपला. रिप्रो काढायची असेल तर प्रिंटरकडे स्वतः बसा, शेड जुळवून घ्या आणि कागद सोबत घेऊन या.

मी आणि कऱ्हाडच्या मित्रानं दोघांनी लेखी तक्रार दिलीय, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला ३१८ आणि विश्वासानं दिलेली वस्तू लाटण्याला ३१६ कलम आहे. त्याला ऑनलाइन पैसे दिले असतील तर १९३० ला लगेच फोन करा, जितका उशीर कराल तितकी रक्कम अडकवायला अवघड जातं. चॅट डिलीट करू नका, पाकिटासकट वस्तू तशीच ठेवा, टेपसुद्धा फेकू नका.

गॅरेजवाल्यांकडनं कळतंय की सध्या तो तासगाव-विटा भागात फिरतोय, आता ट्रॅक्टर आणि जीपच्या डीलरांची जुनी कॅलेंडरं मागतोय, स्कॅन करून दोन दिवसात परत देतो म्हणून.