सी नाइटच्या जागी ऑस्प्रे: काय मिळाले, काय गेले

अमेरिकेच्या मरीन कोअरने १९६४ मध्ये सेवेत घेतलेले सीएच-४६ सी नाइट हेलिकॉप्टर २०१५ मध्ये निवृत्त झाले आणि सैनिक वाहून नेण्याचे त्याचे काम हेलिकॉप्टरसारखे सरळ वर उडून पुढे विमानासारखे जाणाऱ्या एमव्ही-२२ ऑस्प्रेकडे गेले. या दोघांची तुलना बहुधा वेगापाशी सुरू होते आणि तिथेच थांबते. माझ्या मते ऑस्प्रेचे सामर्थ्य आणि त्याची अडचण, दोन्हींचे मूळ त्याच्या रोटरच्या, म्हणजे फिरत्या पात्यांच्या चक्राच्या, आकारात आहे, म्हणून परीक्षणही तिथूनच व्हायला हवे.

सी नाइटला पुढे आणि मागे असे प्रत्येकी सुमारे साडेपंधरा मीटर व्यासाचे दोन रोटर होते. ते परस्परविरुद्ध दिशांनी फिरत असल्यामुळे शेपटीला वेगळा रोटर लागत नसे आणि इंजिनांची जवळजवळ सगळी शक्ती भार उचलण्यास मिळे. ३० एप्रिल १९७५ रोजी व्हिएतनाममधील सायगावच्या अमेरिकन दूतावासाच्या छतावरून शेवटचे मरीन सैनिक याच हेलिकॉप्टरमधून बाहेर पडले, आणि अशा अरुंद जागी उतरणे हाच त्याचा सर्वांत मोठा गुण होता. मात्र उष्ण हवेत आणि उंचावर त्याची क्षमता फार घटे, आणि ताशी सुमारे २६५ किलोमीटरच्या पुढे त्याला जाता येत नसे.

ऑस्प्रे उतरताना आणि उडताना रोटर आकाशाकडे धरतो आणि हवेत स्थिरावल्यावर इंजिनांसह ते पुढे झुकवून विमानासारखा पंखांवर उडतो. त्यामुळे त्याचा प्रवासी वेग सी नाइटच्या कमाल वेगाच्या दुपटीजवळ पोहोचतो. मार्च २०११ मध्ये लिबियात पडलेल्या अमेरिकन एफ-१५ लढाऊ विमानाच्या वैमानिकाला समुद्रातील जहाजावरून निघालेल्या ऑस्प्रेने जाऊन उचलून आणले. अशा कामात एकेक मिनिट मोलाचे असते आणि तिथे सी नाइट त्याच्या जवळपासही पोहोचला नसता. केबिनची लांबी दोघांचीही सव्वासात मीटरच्या आसपास आहे, म्हणजे बदलाचा लाभ जागेत नसून अंतरात आहे.

पण विमानासारखे उडायचे तर रोटर लहान हवा. ऑस्प्रेच्या रोटरचा व्यास साडेअकरा मीटरच्या आसपास आहे. सरळ वर उडताना त्याचे कमाल वजन सी नाइटच्या दुपटीहून अधिक, आणि ते पेलणारे रोटरचे एकूण क्षेत्रफळ मात्र जवळजवळ निम्मे. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर चौपट भार. तेवढाच जोरकस झोत खाली जमिनीवर आदळतो, धुरळ्यात वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते आणि खाली उभ्या सैनिकाला पाय रोवून राहणे कठीण जाते. दोन्ही इंजिने बंद पडल्यास केवळ फिरत्या पात्यांच्या आधारे सुखरूप उतरणे सी नाइटला साधण्यासारखे होते. ऑस्प्रेच्या बाबतीत तो भरवसा धरता येत नाही. एप्रिल २००० मध्ये ॲरिझोनातील मराना येथे वेगाने खाली येणारा ऑस्प्रे स्वतःच्याच झोतात सापडून कोसळला आणि १९ मरीन मृत्युमुखी पडले. त्यानंतर उतरण्याच्या वेगावर कडक मर्यादा आल्या.

मला त्याहून अधिक काळजी वाटते ती इंजिनांची शक्ती रोटरपर्यंत पोहोचवणाऱ्या गिअरबॉक्सची. एक इंजिन बंद पडले तरी दोन्ही रोटर फिरावेत म्हणून पंखातून जोडशाफ्ट नेलेला आहे, आणि ही योजना खरोखर उत्तम आहे. परंतु इंजिन आणि रोटर यांना जोडणारा क्लच घसरून पुन्हा झटक्याने पकडला गेला की तो हिसका सगळ्या यंत्रणेला बसतो. जून २०२२ मध्ये कॅलिफोर्नियात पाच मरीन याच कारणाने गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानच्या याकुशिमा बेटाजवळ अमेरिकन हवाई दलाच्या ऑस्प्रेच्या गिअरबॉक्समधील एक दातेरी चाक तडकले आणि आठ जणांचा जीव गेला. तेलात धातूचे कण सापडत असल्याच्या, म्हणजे आतले भाग झिजत असल्याच्या, सूचना वैमानिकांना वारंवार मिळत होत्या, तरी उड्डाण सुरूच राहिले. ते चाक कुठल्या क्षणी निकामी होईल हे वैमानिकाला नेमके सांगू शकणारी यंत्रणा त्या ऑस्प्रेत नव्हती, आणि इतक्या महाग यंत्रात ही उणीव मला अक्षम्य वाटते.

दूरच्या किनाऱ्यावर सैनिक पोहोचवायचे असतील तर माझी पसंती ऑस्प्रेलाच राहील. जहाजापासून जवळच्या किनाऱ्यापर्यंतच्या फेऱ्यांसाठी मात्र मोठ्या रोटरचे साधे हेलिकॉप्टर अधिक योग्य होते, आणि ते काम दुसऱ्या हेलिकॉप्टरकडे न सोपवता सगळा भार ऑस्प्रेवर टाकणे मला पटलेले नाही. अधिक शुद्ध पोलादाची नवी दातेरी चाके सर्व ऑस्प्रेंमध्ये बसेपर्यंत तेलात कण सापडल्याची पहिली सूचना मिळताच जवळच्या धावपट्टीवर उतरण्याचा नियम असावा, मग मोहीम कितीही महत्त्वाची असो.