चिनी चित्र घरी आणलंत, आता स्क्रोल की फ्रेम?

तुमच्या हातात सुटा, सुरकुतलेला शुआन कागद (चिनी चित्रांचा पातळ हातकागद) आहे, चित्र खरं असल्याची खात्री पटली आहे आणि पैसेही देऊन झाले आहेत, असं धरून चालतो. संग्रह चार चित्रांचा असो की चाळीस, पुढचा प्रश्न सगळ्यांना सारखाच पडतो. मी सिंगापुरात राहतो. इथल्या ब्रास बासाह संकुलात माउंटिंगवाल्याकडे कागद उलगडला की तो आधी हेच विचारतो: काठी लावून गुंडाळी करायची, की काचेत बसवायचं? माझ्या घरी दोन्ही आहेत, त्यामुळे दोन्हींची बाजू मांडायला हरकत नाही.

एक गोष्ट दोन्हींत सारखी असते, ती म्हणजे पाठीमागचं अस्तर. ते गव्हाच्या खळीनं, हातानंच लावून घ्या. गरम यंत्राखाली चिकट फिल्म वापरून केलेलं अस्तर स्वस्त पडतं आणि लगेच मिळतं. पण पुढेमागे चित्र दुरुस्त करायची वेळ आली तर खळ पाण्यानं सुटते, फिल्म सहजी सुटत नाही. इथे काटकसर नको.

फ्रेमच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे. आपल्या घरांत रोज फोडणी पडते, आणि तो तेलकट धूर उघड्या कागदावर बसला की निघत नाही. लहान मुलं असतील तर काच हवीच. पंख्यावरची चित्रं, अल्बमची सुटी पानं, छोटे चौकोनी तुकडे यांची गुंडाळी करण्यात फारसा अर्थ नाही, ती फ्रेममध्येच शोभतात. बारीक रेघांच्या चित्रांत खनिज निळा-हिरवा रंग जाड थरात भरलेला असेल तर तो वारंवार गुंडाळल्यानं तडकतो आणि झडतो. असं चित्र सपाटच राहू द्यावं. इथपर्यंत कुणाचा वाद नसावा.

माझं घोडं अडलं ते काचेपाशी. माझ्याकडे शाईतलं एक निसर्गचित्र आहे. खाली दाट काळा कडा, वर धुकं आणि मधे कोरा कागद. हौसेनं मोठी फ्रेम केली आणि दिवाणखान्यात खिडकीसमोरच्या भिंतीवर लावली, कारण आमच्या एचडीबी (सरकारी गृहयोजनेतल्या) फ्लॅटमध्ये एवढी मोकळी भिंत तेवढीच. गडद शाईवर काच आली की तिचा आरसा होतो. त्या काळ्या कड्यात मला छताचा पंखा फिरताना दिसायचा. दिवे बंद करावेत तर चित्र दिसेना, आणि लावले की ट्यूबलाइट धबधब्यासारखी कड्यावरून उतरलेली. जवळ जाऊन बघावं तर स्वतःचा चेहरा. खरं तर अशा चित्राची सगळी गंमत काळ्यातल्या काळ्यात असते. ओली शाई कुठे पसरली, कोरडा कुंचला कुठे खरडत गेला, हे बघायलाच आपण ते घेतो, आणि नेमकं तेच काच खाऊन टाकते. चकाकी न येणारी काच मिळते, नाही असं नाही, पण मोठ्या मापात तिचा भाव ऐकून मी चहा मागवला. मॅट काच स्वस्त असते, तिच्यामागे मात्र सगळं चित्रच धुक्यात जातं. फिकट चित्रांना हा त्रास बराच कमी, हे मान्य. तुमची भिंत खिडकीसमोर नसेल तर कदाचित तुम्हाला तो जाणवणारही नाही.

दुसरी तक्रार लहान आहे, पण संग्राहकाला खुपेल अशी. पाश्चात्त्य पद्धतीनं काम करणारा फ्रेमवाला चित्राभोवती पुठ्ठ्याची चौकट बसवतो आणि ती सफाईसाठी कागदाच्या कडेवर थोडी चढवतो. चिनी चित्रात नेमके कडेला, कोपऱ्यांत संग्राहकांचे शिक्के असतात. मिंग राजवटीच्या काळातले जियाशिंग शहरातले संग्राहक शियांग युआनबियान (1525–1590) यांनी आपल्या संग्रहातल्या चित्रांवर इतके शिक्के उठवले की त्यांना आजही त्याबद्दल नावं ठेवली जातात. पण चित्र कुणाकुणाच्या हातून आलं हे त्या लाल ठशांवरूनच कळतं. आपल्या चित्रावर एखादाच शिक्का असेल, तरी तो पुठ्ठ्याखाली का जावा?

आता स्क्रोलच्या खोडी. एक म्हणजे उंची. चार चिनी फुटांचा पूर्ण कागद, म्हणजे 138 बाय 69 सेंटीमीटर, वरखाली रेशमी पट्टे लागून दोन मीटरच्या आसपास जातो. आमच्या छताखाली तो सोफ्याच्या पाठीमागे लोळतो. असा कागद असेल तर आधी भिंत मोजा. दुसरं, पंखा लावला की खालची काठी भिंतीवर टकटक आपटते आणि भिंतीच्या रंगावर रेघ उमटते. एसी आणि दमट हवा आलटून पालटून मिळाली की कडा आत वळतात. घट्ट गुंडाळलं तर आडव्या घड्या पडतात. आणि खळ म्हणजे कसरीला मेजवानी! हे सगळं मी भोगतो आहे. तरी यातल्या बहुतेक गोष्टींवर एकच उपाय लागू पडतो: टांगून विसरायचं नाही. दोन-तीन आठवडे लावायचं, मग उतरवून सैल गुंडाळून कापराच्या लाकडाच्या पेटीत ठेवायचं.

फ्रेम पसंत करणाऱ्यांना हीच कटकट वाटते. मला मात्र त्यातच मजा येते. मिंगच्या अखेरीस वेन झेनहेंग या रसिक लेखकानं कोणत्या महिन्यात कोणतं चित्र लावावं याची यादीच करून ठेवली आहे. सहाव्या महिन्याच्या उकाड्यात मोठी निसर्गचित्रं आणि ढगांतले डोंगर, बाराव्यात भुतं पळवणारा झोंग क्वे. सिंगापुरात ऋतू एकच असला तरी पाहुणे बदलतात, सण येतात. फ्रेममधलं चित्र सहा महिन्यांत भिंतीचा भाग होऊन जातं, आपण त्याच्याकडे बघायचंच विसरतो. शिवाय सतत प्रकाशात राहिल्यानं रंग उडतात ते वेगळंच.

बदलीच्या नोकरीवाल्यांनी आणखी एक विचार करावा. संग्राहक झांग बोजू यांनी 1937 साली चित्रकार पु शिनयू यांच्याकडून प्राचीन लेखक लू जी यांचं ‘पिंगफू थिए’ हे हस्तलिखित पत्र विकत घेतलं. पत्र वीतभर कागदाचं, पण पश्चिम जिन काळातलं, म्हणजे सुमारे सतराशे वर्षांपूर्वीचं. युद्धाच्या धामधुमीत ते त्यांनी कपड्यांत शिवून नेलं असं सांगतात. पुढे 1956 मध्ये ते देशाला दिलं, आणि आज ते बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. आपल्याकडे तसलं काही असण्याची शक्यता नाही. तरीपण घर बदलताना माझ्या सगळ्या गुंडाळ्या एका पेटीत मावल्या, आणि मोठी फ्रेम मात्र सामानवाल्यांनी कोपऱ्यावर फोडून दिली.

सुलेखनाच्या जोड-ओळी असतील तर फ्रेमचा विचारही करू नये असं मला वाटतं. दारा-खिडकीच्या दोन बाजूंना मोकळ्या लोंबणाऱ्या पट्ट्यांत जो ताठा असतो, तो दोन काचांच्या खोक्यांत उरत नाही. अर्थात ज्याची त्याची आवड.

सगळं ऐकूनही फ्रेमच करायची ठरली, तर फ्रेमवाल्याला दोन गोष्टी आधीच बजावा. कागद काचेला चिकटता कामा नये, मधे पट्टी घालून मोकळी जागा ठेवायची. दमट हवेत कागद काचेला लागला की बुरशी तिथूनच धरते. आणि पुठ्ठा कडेच्या बाहेर ठेवायचा, शिक्के झाकायचे नाहीत. स्क्रोल करणार असाल तर काठीचं लाकूड नीट सुकलेलं आहे का ते विचारा, नाहीतर वर्षभरात ती वाकते आणि चित्र तिरकं लटकतं.